समुद्र नसलेलं काल्पनिक राज्य कसं बनवायचं

गोष्टीसाठी किंवा गेमसाठी देश बनवताना सगळे आधी किनारा अन् बंदरं काढतात आणि आतलं राज्य म्हणजे नुसता रिकामा तुकडा, असं करू नका राव.

आधी डोंगर काढा, नाव नंतर. वारा कुठून येतो ते ठरवा मग पाऊस आपोआप कळतो, आपलंच बघा ना, महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात डोंगरामागच्या माण तालुक्यात जेमतेम पाचशे, मग तिकडे भात कुठून येणार, बाजरी-ज्वारी आणि मेंढरंच. म्हणजे जेवण, कपडे, देव, शिव्या सगळं यातूनच निघतं.

मग नदी. ती जवळच्या समुद्राकडेच जाते असं काही नाही हां, कृष्णा महाबळेश्वरला उगवते, अरबी समुद्र तिथून साठ-पासष्ट किमी, तरी बाई १४०० किमी फिरून बंगालच्या उपसागरात जाते. नदी दोन-तीन राज्यांतून नेली की भांडण फुकटात मिळतं, कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये लवाद नेमावा लागला होता.

आता मीठ कुठून येणार? माल कुणाच्या बंदरातून जाणार, जकात कोण खाणार? इथेच खरी मजा आहे. बोलिव्हियाचा किनारा चिलीबरोबरच्या युद्धात गेला, ते १८७९ ला सुरू झालं, पण नौदल अजून आहे, टिटिकाका सरोवरात फिरतं! असं एखादं जुनं दुखणं तुमच्या राज्यालाही द्या.

राजधानी नदी पायी ओलांडता येते अशा उताराजवळ नाहीतर घाटाच्या तोंडाशी ठेवा. झेंडा-बिंडा शेवटी.