शिचिमी करायची तर आधी संत्र्याची सालं वाळत घाला

शिचिमी तोगाराशी, म्हणजे वरून भुरभुरायचा जपानी तिखट मसाला, कालवायला दहा मिनिटं पुरतात, तयारीला मात्र चार-सहा दिवस हाताशी ठेवावे लागतात. सगळ्यात जास्त वेळ खातं ते संत्र्याचं साल. जपानात यासाठी मिकानचं, म्हणजे त्यांच्याकडच्या सुटसुटीत सोलल्या जाणाऱ्या संत्र्याचं वाळवलेलं साल वापरतात. आपलं नागपुरी संत्रंही त्याच मँडरिन गटातलं, त्यामुळे इथे तडजोड करावी लागत नाही. मोसंबीचं साल मात्र नको, जाड असतं आणि कडवटपणा जात नाही. संत्री सोलण्याआधी कोमट पाण्यात चोळून धुवा, पुसून कोरडी करा, सोलून झाल्यावर आतला पांढरा गर चमच्याने खरवडून काढा. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळलंत तर मसाला कडू होईल. मग सालं कागदावर पसरून पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात लवकर वाळतात खरी, पण वास उडतो. साल कडकन मोडलं पाहिजे. नुसतं वाकत असेल तर अजून एक दिवस थांबा, नाहीतर मिक्सरमध्ये त्याचा गोळा होतो. पावसाळ्यात या भानगडीत पडूच नये.

सालं वाळतायत तोवर कुठल्या पद्धतीची शिचिमी करायची ते ठरवा, कारण बाजाराची यादी त्यावर ठरते. मसाला सात जिनसांचा, पण ते सात कोणते यावर जपानात एकमत नाही. तोक्योतल्या आसाकुसाचं यागेनबोरी हे १६२५ सालापासूनचं दुकान कच्ची लाल मिरची आणि भाजलेली लाल मिरची या दोन वेगळ्या जिनसा धरतं. सोबत काळे तीळ, सांशो (जीभ झिणझिणवणारा, तिरफळासारखा जपानी मसाला), खसखस, भांगेचं बी आणि संत्र्याचं साल. तिथे गिऱ्हाईक सांगेल तेवढा तिखटपणा ठेवून समोरच कालवून देतात. क्योतोला कियोमिझू मंदिराच्या वाटेवरची शिचिमिया ही पेढी मिरची बेताची ठेवते आणि सांशो, शिसो नावाची सुवासिक पानं, हिरवं समुद्री शेवाळ यांच्या वासावर भर देते. तिथल्या हलक्या रश्शातल्या उदोनला, म्हणजे जाड नूडल्सना, तेच शोभतं. नागानोतल्या झेनकोजी मंदिराजवळची, १७३६ पासूनची यावाताया इसोगोरो आल्याची पूड घालते. मधल्या वेळच्या खाण्यावर भुरभुरायला मला तोक्योची धाटणी बरी वाटते. फक्त भांगेचं बी आपल्या किराणा दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून त्याच्या जागी नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद, घालायची.

आणि एक गोष्ट यादीत मुद्दाम लिहायची नाही : मीठ. पारंपरिक शिचिमीत मीठ नसतंच. चाट मसाल्याच्या किंवा पाकिटातल्या मसाल्यांच्या तुलनेत हिचा खरा फायदा हाच. मीठ वेगळं घालायचं असल्यामुळे किती घातलं ते कळतं, आणि वास भरपूर असल्याने कमी घातलेलं खटकतही नाही.

आता सांशो. ही जिन्नस सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची. हिच्याशिवाय केलेली शिचिमी म्हणजे तिळाची चटणी. जपानमधलं बहुतेक सांशो वाकायामातून येतं. तिथली हिरवट पूड जिभेवर ठेवली की आधी लिंबासारखा वास येतो आणि मग जीभ झिणझिणते. जपानी सामानाच्या दुकानात लहान बाटली मिळाली तर घ्या, पण डबा उघडल्यावर वास येत नसेल तर पैसे वाया. नाही मिळाली तर कोकणातून कुणी येणार असेल त्याला तिरफळं आणायला सांगा. बांगड्याच्या तिखल्यात पडतात तीच. तिरफळ आणि सांशो एकाच प्रजातीतली झाडं, झिणझिण्याही त्याच जातीच्या. फरक एवढाच की तिरफळ जास्त उग्र आहे, म्हणून माप निम्मं. सुकलेलं तिरफळ उघडून आतलं काळं चकचकीत बी काढून टाका. ते दाताखाली कचकचतं आणि चवीला काही देत नाही. हवं ते फक्त खडबडीत टरफल. ते तव्यावर जेमतेम गरम करून खलबत्त्यात कुटा आणि शेवटी घाला, कारण कुटल्यावर त्याचा वास फार टिकत नाही.

मिरची पोर्तुगीजांबरोबर जशी गोव्यात उतरली तशीच सोळाव्या शतकात जपानातही पोचली, असं मानलं जातं. तिथे वापरतात ती लहान, टोकदार आणि चांगलीच तिखट. आपल्याकडे संकेश्वरी घ्या. रंग हवा असेल तर निम्मी ब्याडगी. देठ आणि निम्म्याहून जास्त बिया काढा. अर्धी मिरची तशीच ठेवा, अर्धी मंद आचेवर रंग थोडा गडद होईपर्यंत भाजा. त्याआधी खिडक्या उघडा, घरात कुणाला दमा असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. खकाणा काही विचारून येत नाही. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, पूड नको, भरड हवी. झाकण लगेच उघडू नका.

बाकीचं पटकन होतं. काळे तीळ दोन-चार तडतडेपर्यंत भाजा, दळू नका, तेल सुटतं. खसखसही नुसती भाजायची. दुबईला कुणाला डबी पाठवणार असाल तर मात्र खसखस वगळाच, तिकडे तिच्यावर बंदी आहे. नोरीचा कागद गॅसवर दोन-तीन सेकंद दोन्ही बाजूंनी फिरवला की कुरकुरीत होतो. मग हातानेच चुरा. थायरॉइडचं औषध चालू असेल तर नोरीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या, तिच्यात आयोडीन असतं.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच कालवा. माप चहाच्या चमच्याचं : कच्ची मिरची दोन, भाजलेली दोन, सालीची रवाळ भरड तीन, काळे तीळ तीन, खसखस दोन, नोरी दोन आणि सांशो एक, किंवा तिरफळ अर्धा. मुलं खाणार असतील तर मिरची निम्मी करून तीळ वाढवा. एवढं एका लहान बाटलीत मावतं आणि तेवढंच करावं. घट्ट झाकणाची कोरडी काचेची बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर महिनाभर वास चांगला राहतो. ओला चमचा मात्र आत जाऊ देऊ नका.

खाण्याचीही थोडी तयारी असते. मखाणे, पॉपकॉर्न, भाजलेले शेंगदाणे यांवर मसाला कोरडा बसत नाही, तळाशी जाऊन राहतो. मखाणे मंद आचेवर कुरकुरीत झाले की चमचाभर तिळाचं तेल फिरवा, गॅस बंद करा आणि मग शिचिमी भुरभुरा. आचेवर असताना घातलीत तर नोरी करपते. काकडी, उकडलेलं अंडं, उकडलेलं रताळं, घट्ट दही यांवर ती थेट चालते, फक्त काकडीवर अगदी खाताना, नाहीतर पाणी सुटून सगळी शिचिमी ताटलीत उतरते.