फाइलच्या नावात ‘फायनल’ लिहू नका

तीन-चार जण मिळून दिवाळी अंकाची मांडणी करत असाल, तर फाइलच्या नावातून ‘फायनल’ हा शब्द आधी काढून टाका. एक वेलांटी सुधारली तरी नवी फायनल तयार होते आणि छापखान्यात नेमकी कोणती गेली, हे कोणालाच सांगता येत नाही. नावाची सुरुवात तारखेने करा, तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: ‘२०२५-०९-०४_मुखपृष्ठ’. दिवस आधी लिहिला, तर १ ऑक्टोबरची फाइल ४ सप्टेंबरच्या आधी जाऊन बसते.

खरा घोळ होतो तो फोटो आणि फॉन्टचा. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये फोटो सहसा नुसते जोडलेले असतात, आत नसतात. नुसती फाइल पाठवली की समोरच्याकडे फोटो सापडत नाहीत. युनिकोड नसलेला जुना फॉन्ट वापरला असेल आणि तो तिकडे नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची गिचमीड दिसते. आमची अनुक्रमणिका एकदा अशीच उघडली, तीही छपाईच्या आदल्या रात्री. तेव्हापासून आम्ही फाइल मेन्यूतलं ‘पॅकेज’ वापरतो. फाइल, फोटो, फॉन्ट सगळं एका फोल्डरमध्ये गोळा होतं (अ‍ॅडोबी फॉन्ट्स या ऑनलाइन सेवेवरचे फॉन्ट मात्र येत नाहीत). तो अख्खा फोल्डर द्या.

गूगल ड्राइव्हवर अशा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी पुसल्या जाऊ शकतात. छापायला गेलेली पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि बाकीच्यांना ती फक्त पाहण्याची परवानगी द्या.