पॅरामेडिकची नोंदणी परीक्षा: अभ्यास होऊनही नापास करणाऱ्या या चुका टाळा

पॅरामेडिकच्या, म्हणजे अँब्युलन्सवर तातडीचे उपचार करणाऱ्यांच्या, परीक्षेत नापास होतात ते अभ्यासात कमी पडतात, असं मला पूर्वी वाटायचं. उमेदवारांची तयारी करून घ्यायला लागल्यावर ते मत बदललं. डोस तोंडपाठ, ईसीजी बिनचूक, आणि तरी निकाल नापास. अशा उमेदवारासोबत बसून त्याचे चुकलेले सरावप्रश्न एकेक करून पाहिले की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सापडते: निवडलेला उपचार बरोबर असतो, फक्त त्याची वेळ अजून आलेली नसते.

आजार ओळखला की उत्तर सापडलं, असं समजणं

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे जरा थांबू. प्रश्न असा: तरुण पेशंट, हाकेला ओ देत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मिनिटाला ६ आणि उथळ, ऑक्सिजन सॅच्युरेशन ८४ टक्के. आधी काय कराल? पर्यायांत नॅलॉक्सोन, मास्कने हाय-फ्लो ऑक्सिजन, बॅग-मास्कने (मास्कला जोडलेली पिशवी हाताने दाबून) श्वास देणं आणि श्वासनलिकेत नळी घालणं. उमेदवार अफूवर्गीय औषधाची विषबाधा लगेच ओळखतो आणि त्या आनंदात नॅलॉक्सोनवर, म्हणजे तिच्या उताऱ्यावर, क्लिक करतो. पण पेशंटच्या जिवाला आत्ता धोका आहे तो हवा आत जात नसल्याचा. मास्कमधला ऑक्सिजन फुप्फुसात नेण्याएवढा श्वास तो घेतच नाही. म्हणून आधी बॅग-मास्क, नॅलॉक्सोन त्यानंतर.

दुसरा सापळा सीनचा, म्हणजे घटनास्थळाचा. बंद घरात जनरेटर चालू आहे, तिघांचं डोकं दुखतंय, एक बेशुद्ध आहे, सॅच्युरेशन ९९ टक्के. इथे ऑक्सिजन लावायची घाई होते. खरं तर आधी स्वतःची सुरक्षितता बघून सगळ्यांना मोकळ्या हवेत काढायचं असतं. आणि तो ९९ चा आकडा? साध्या पल्स ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. प्रश्न तयार करणाऱ्याने तो आकडा तुम्हाला निर्धास्त करायला ठेवलेला असतो.

मॉनिटरच्या प्रश्नांत हेच वेगळ्या रूपात येतं. रिदम (हृदयाच्या ठोक्यांची लय) नेहमीसारखा नीटनेटका दिसतोय, पण नाडी लागत नाही: तिथे शॉक द्यायचा नाही, सीपीआर सुरू करायचा. ईसीजीच्या पट्टीवर रुंद कॉम्प्लेक्स (ठोक्यांच्या लाटा), गती १९०, नाडी आहे, वरचं बीपी ७६, पेशंट गोंधळलेला: तिथे सिंक्रोनाइज्ड (ठोक्याशी वेळ जुळवून दिलेला) शॉक. याच पट्टीला नाडीच नसेल तर शॉक सिंक्रोनाइज न करता. पट्टी एकच, उत्तरं दोन, आणि फरक नाडीचा. पट्टीकडे बघण्याआधी प्रश्नातला पेशंट वाचा.

दोन पर्यायांत अडकलात तर मी उमेदवारांना एक प्रश्न स्वतःला विचारायला सांगते: यातलं फक्त एकच करून पाच मिनिटं काहीच करता आलं नाही, तर पेशंट कुठल्या पर्यायाने तगेल? बहुतेक वेळा गाठ इथेच सुटते. तरी सुटली नाही, तर प्रश्नात नसलेलं काही आपण मनाने घातलंय का ते बघा. ‘कदाचित आतून रक्तस्राव असेल’ असं म्हणून पुढे गेलेली बरीच उत्तरं चुकतात. लिहिलं नसेल तर ते नाही, असंच धरून चला.

‘आमच्या गाडीवर असं करतात’

अँब्युलन्सवर काम करत परीक्षा देणाऱ्यांना अनुभवाचा फायदा होतो, आणि नेमका त्याचाच फटकाही बसतो. प्रत्येक सेवेचे स्थानिक नियम वेगळे, परीक्षा मात्र प्रसिद्ध मार्गदर्शक तत्त्वांवर चालते. हार्ट अटॅकच्या प्रत्येक पेशंटला ऑक्सिजन लावायची सवय अजून अनेकांच्या हातात आहे. सॅच्युरेशन ९० टक्क्यांच्या वर असेल आणि दम लागत नसेल तर त्याची गरज नसते. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रोग्लिसरीनचंही तसंच. छातीत दुखतंय म्हणून लगेच देऊ नका. वरचं बीपी ९० च्या खाली आहे का, हृदयाच्या उजव्या कप्प्याचा अटॅक आहे का, २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल (ही लैंगिक दुर्बलतेवरची औषधं) घेतलंय का, हे आधी बघायचं.

जुन्या नोट्सचा धोका याहून मोठा. अमेरिकन हार्ट असोसिएशनची नवी तत्त्वं ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. परीक्षेचं स्वरूपही बदलत असतं. अमेरिकेच्या नॅशनल रजिस्ट्रीने, म्हणजे तिथे पॅरामेडिकना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने, पॅरामेडिकची वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा २०२४ च्या मध्यात बंद केली आणि पेशंटबाबत निर्णय कसा घेता हे तपासणारे प्रश्न संगणकावरच्या परीक्षेत आणले. आपली नोंदणी ज्या संस्थेकडे होणार, तिचा चालू आराखडा आधी वाचा आणि मगच सीनियरच्या वह्या उघडा.

गणित शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

१८ किलोचं मूल, हृदय बंद. अ‍ॅड्रेनॅलिन किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१८ मिलिग्रॅम. इथवर सगळे येतात. पुढे सिरिंजमध्ये किती मिली घ्यायचं? मिलीला ०.१ मिलिग्रॅमच्या द्रावणातून १.८ मिली, मिलीला १ मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधून ०.१८ मिली. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. ड्रिपचंही तसंच: २५० मिली अर्ध्या तासात, सेट मिलीला १० थेंबांचा, तर मिनिटाला साधारण ८३ थेंब. रोज पाच गणितं कॅल्क्युलेटरशिवाय, एकक लिहून सोडवा. एकक न लिहिता आकडेमोड करू नका, याबाबत मी खरंच कडक आहे. ही चूक पेपरात एक गुण घेते. पुढे गाडीत ती लेकराच्या अंगात जाते.

संगणकाला घाबरणं

काही परीक्षा तुमच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडतात. नॅशनल रजिस्ट्रीच्या पॅरामेडिक परीक्षेत त्यामुळे ११० ते १५० प्रश्न येऊ शकतात. प्रश्न अवघड होत चालले की उमेदवाराला वाटतं, आपण बुडालो. उलट, बरोबर उत्तरांमुळेही तसं होतं. पेपर लवकर बंद झाला यावरूनही काही कळत नाही. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, म्हणून उत्तर नक्की केल्यावर तो प्रश्न मनातूनही काढा. सराव त्याच पद्धतीने करा: एका बैठकीत, फोन बाजूला, मागे न जाता.

ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे आजच बघून ठेवा.

प्रात्यक्षिकात गप्प राहणं

जिथे प्रात्यक्षिक अजून घेतात, तिथे हात चांगला चालणारेही नापास होतात, कारण ते बोलत नाहीत. सीन सुरक्षित आहे का हे तुम्ही मनात तपासलंत. परीक्षकाला ते दिसणार कसं? प्रत्येक पायरी मोठ्याने सांगा. नळी घालताना ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ श्वास देणं थांबवू नका. नळी बसल्यावर कॅप्नोग्राफीने (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून) खात्री करा आणि उपचारानंतर पेशंट पुन्हा तपासल्याचं बोलून दाखवा. मधे काही विसरल्याचं लक्षात आलं तर तिथेच सांगून दुरुस्त करा. रेटून पुढे जाणं महाग पडतं.

नापास झाल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून

माझी एक विद्यार्थिनी दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा तिने जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं होतं. तिसऱ्या वेळी आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं आणि वहीत तीन रकाने आखले: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, क्रम चुकला. सरावातलं प्रत्येक चुकलेलं उत्तर यांपैकी एकात. निकालपत्रात कुठल्या विभागात आपण पातळीच्या खाली आहोत हे दिलेलं असेल, तर सुरुवात तिथून. दोन आठवड्यांत तिसरा रकाना पानभर झाला आणि पहिल्यात जेमतेम सात नोंदी होत्या. मग ती वाचत बसली नाही. रोज सकाळी मी दहा प्रसंग सांगायचे आणि ती फक्त पहिल्या तीन कृती बोलायची. तिसऱ्या खेपेला ती पास झाली. ती वही तिने मला परत दिली नाही. तिच्यामागून परीक्षेला बसलेल्या मैत्रिणीला दिली.