शाळेतून ११२ ला फोन करताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्याच वाक्यात होते: "न्यू इंग्लिश स्कूलमधून बोलतोय, लवकर या!" महाराष्ट्रात ११२ या आपत्कालीन क्रमांकावर लावलेला फोन गावच्या पोलीस ठाण्यात वाजत नाही, तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो. तिथल्या माणसाला तुमचं गाव ठाऊक असेलच असं नाही, आणि न्यू इंग्लिश स्कूल तर कितीतरी गावांत आहे. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, गाव, रस्ता, जवळची खूण आणि शेवटी शाळेचं नाव. लगेच पुढे काय झालंय ते: "पोषण आहाराच्या स्वयंपाकखोलीत आग, आत दोन सिलिंडर, वरच्या मजल्यावर तिसरीचा वर्ग." पत्त्याचा मजकूर ठळक अक्षरांत लिहून कार्यालयात आणि प्रत्येक मजल्यावर चिकटवा. घाबरल्यावर तोंडपाठ पत्ताही आठवत नाही.

शिपाई सरांना विचारतो, सर मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापक संस्थाचालकांना. तोवर धूर जिन्यात पोहोचतो. जो आधी पाहील त्याने फोन लावायचा, अशी लेखी सूचनाच काढून ठेवा. (शाळेचं नाव खराब होईल ही धास्ती या उशिरामागे बऱ्याचदा असते.)

पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नका. वाट विचारायला पुन्हा फोन येऊ शकतो, तेव्हा नेमका तोच मोबाइल पालकांशी बोलण्यात अडकलेला नको. पालकांसाठी दुसरा नंबर ठेवा.

अग्निशमन दलाचे जवान आल्या आल्या विचारतात, आत कोणी राहिलंय का? इथे पटसंख्या सांगून उपयोग नाही. आज हजर किती, मैदानावर मोजले किती, कमी आहेत ते कोणत्या वर्गातले, हे हवं. हजेरीपत्रक कार्यालयाच्या कपाटात राहिलं तर हे सांगणार कोण? ते शिक्षकाच्या हातातच बाहेर आलं पाहिजे. मधल्या सुट्टीत घरी गेलेली मुलं आणि स्वयंपाकाच्या मावशी कुठल्याच मोजणीत नसतात, त्यांची वेगळी नोंद ठेवा.

फाटकाची रुंदी आणि कमानीची उंची टेपने मोजून अग्निशमन केंद्राला आधीच कळवा. मागच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, तेही.

मॉक ड्रिलमध्ये घंटा वाजते, मुलं रांगेत बाहेर येतात, पण फोनचा सराव कोणी करत नाही. ११२ ला खोटा फोन अर्थातच करायचा नाही. एका शिक्षकाला शेजारच्या खोलीत बसवा, शिपायाला त्याच्या मोबाइलवर फोन लावायला सांगा आणि ऐकलेला पत्ता कागदावर उतरवून घ्या. परगावच्या माणसाला तो वाचून शाळा सापडत नसेल, तर भिंतीवरचा मजकूर बदला.