न्यू इयरचे गोल दोन साइजमध्ये बनवा: सीट मिळाली तर आणि नाही मिळाली तर

मागच्या वर्षी बाबांना मिळालेली एलआयसीची डायरी मी ढापली आणि ३१ डिसेंबरच्या रात्री पहिल्याच पानावर अकरा गोल लिहिले. पाचला उठणे, जिम, नऊच्या वर पॉइंटर (दहापैकी ग्रेड), जर्मन शिकणे, २४ पुस्तकं, वडापाव बंद, वगैरे वगैरे. प्रत्येकाला वेगळा रंग, बाजूला टिक करायला चौकटी. १२ जानेवारीपासून त्याच डायरीत आई दुधाचा हिशोब लिहायला लागली आणि मला ते कळलं फेब्रुवारीत, म्हणजे मधला महिनाभर मी ती उघडलीच नव्हती. तर मी काही मोटिव्हेशनल स्पीकर वगैरे नाही, टीवायला म्हणजे डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डोंबिवलीहून माटुंग्याला येते-जाते, आणि त्या डायरीनंतर जे थोडंफार जमलं ते सांगते.

पहिली गोष्ट, ३१ च्या रात्री यादी करू नका. त्या रात्री सगळ्यांनाच आपण काहीही करू शकतो असं वाटत असतं. कॉलेज परत सुरू होऊन टाइमटेबल हातात आलं, कुठल्या दिवशी प्रॅक्टिकल, कुठल्या दिवशी शेवटचं लेक्चर साडेचारला, हे दिसलं की मग बसा. आणि वर्षभराचं ठरवू नका. आपलं वर्ष डिसेंबरला संपतच नाही, एप्रिल-मेच्या परीक्षेला संपतं. जानेवारी ते एप्रिलचा मध्य धरला तर साधारण १५ आठवडे हातात येतात, त्यात अ‍ॅन्युअल डे, फेस्ट, सबमिशन, आणि घरात किमान एक लग्न असतंच. तेवढ्या १५ आठवड्यांचाच विचार करा. जूननंतरचं जूनला बघू.

आता वेळेचा हिशोब, जो कोणी करत नाही. आठवड्यात १६८ तास. मी माझे मांडले ते असे: झोप रोज ७ म्हणजे ४९. कॉलेज रोज ६ धरून सहा दिवसांचे ३६. घरातून निघून परत घरी, जाण्यायेण्याचे रोज ३, म्हणजे १८. जेवण, आंघोळ, घरातलं काम, भांडी लावणे, खाली जाऊन कोथिंबीर आणणे, हे रोज अडीच तास म्हणजे साडेसतरा. उरले साडेसत्तेचाळीस. मी खूश झाले की अरे बापरे एवढा वेळ! मग मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन टाइम बघितला, रोजचा ४ तास ४० मिनिटं. आठवड्याचे बत्तीस तास चाळीस मिनिटं. (त्यातला काही ट्रेनमधलाच आहे म्हणजे दोनदा मोजला गेला, मला माहितीय, पण आपण स्वतःला सूट द्यायला बसलेलो नाही आहोत.) राहिले जेमतेम पंधरा तास.

या पंधरातलेही अर्धेच वापरायचे. उरलेले अर्धे आपोआप जातात, कोणीतरी आजारी पडतं, मॅच असते, मैत्रिणीचं ब्रेकअप होतं आणि ती मरीन ड्राइव्हला बोलावते. म्हणजे हातात सात तास. सात तासांत अकरा गोल बसत नाहीत हे पाचवीतलं पोर पण सांगेल, तीन बसतात. एक अभ्यासाचा, एक शरीराचा किंवा पैशाचा, एक स्वतःच्या हौसेचा. तीनच. चौथा लिहायचा असेल तर आधीच्यातला एक खोडा.

आता मुद्द्याचं. आमच्या लेडीज डब्यात एक काकू आहेत, क्रोशाचं तोरण विणतात. सीट मिळाली की पर्समधून सुई आणि पिवळा दोरा बाहेर, ठाण्यापर्यंत दोन फुलं होतात. सीट नाही मिळाली की त्या हँडल पकडून उभ्या राहतात आणि दुसऱ्या हाताने फक्त दोऱ्याचा गुंता सोडवून गुंडी नीट करतात, बस, तेवढंच. मी एकदा विचारलं, काकू आज विणायचं राहिलं ना? तर म्हणाल्या, राहिलं कुठे, उद्या सीट मिळाली की गुंता सोडवत बसायला नको. मला ते इतकं पटलं की मी त्याच दिवशी दादरला उतरल्यावर प्लॅटफॉर्मवर उभी राहून माझे गोल परत लिहिले.

म्हणजे प्रत्येक गोल दोनदा लिहायचा. एक सीटवाला, चांगल्या दिवसाचा. एक उभ्याने करायचा, ज्या दिवशी गाड्या वीस मिनिटं लेट आहेत, डोकं दुखतंय, सबमिशन आहे, त्या दिवसाचा. उभ्याचा इतका छोटा पाहिजे की न करायला लाज वाटली पाहिजे. आणि उभ्याचा केला तरी टिक पूर्णच करायची, अर्धी नाही.

माझंच सांगते. मला दुसऱ्या सेमची मॅथ्सची केटी लागली होती, म्हणजे नापास झाले आणि पेपर परत द्यायचा होता (हो, लागली होती, चालायचंच). तेव्हा माझा गोल काय होता तर 'केटी क्लिअर करणे'. हा गोल नाहीच, ही इच्छा आहे, पेपर कसा निघेल आणि तपासणारा कोण हे आपल्या हातात कुठेय. तसंच 'नऊ पॉइंटर'चं. हातात काय आहे ते लिहायचं. मी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून मागच्या पाच वर्षांचे पेपर घेतले, त्याच्याकडे सगळं असतं, प्रोफेसरांकडे नसेल ते पण असतं. सीटवाला गोल: दर बुधवारी एक अख्खा पेपर, घड्याळ लावून, फोन आईकडे. उभ्याचा: एकच गणित, तेही आधी सोडवलेलं परत. दहा आठवड्यांत सहा पेपर पूर्ण झाले आणि चार बुधवार एका गणितावर निभावले. केटी सुटली.

अटेंडन्सचाही गोल कोणी लिहीत नाही पण तो सगळ्यात सोपा हिशोब आहे. नियम ७५ टक्क्यांचा. एखाद्या विषयाची सेममध्ये ६० लेक्चर होणार असतील तर १५ बुडवू शकता, बास. ते १५ जानेवारीतच सकाळी झोप येते म्हणून उडवू नका, मार्चमध्ये खरंच ताप येतो तेव्हा कामाला येतात. बुडवलं की वहीच्या शेवटच्या पानावर एक रेघ मारायची. डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर आईबाबांना घेऊन कॉलेजला जाण्यापेक्षा रेघ मारणं बरं.

काही नवीन शिकायचं असेल तर जानेवारीत स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे) कोर्स चालू होतात, ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. शिकणं फुकट आहे, सर्टिफिकेटसाठी परीक्षा द्यायची तर तिची वेगळी फी भरायची. असाइनमेंटचं वजन २५ टक्के, परीक्षेचं ७५. सगळे उत्साहात १२ आठवड्यांचा घेतात आणि चौथ्या आठवड्यात गायब होतात. पहिल्यांदा चारचा घ्या. उभ्याचा गोल इथे: व्हिडिओ डाउनलोड करून ट्रेनमध्ये नुसता ऐकणे. आणि प्लीज, सकाळच्या फास्टमध्ये पुस्तक वाचेन असं लिहू नका. ठाण्यापर्यंत नाक खाजवायला हात वर येत नाही, पुस्तक कुठे उघडणार. संध्याकाळी येताना स्लो पकडली तर वाचता येतं, वीसेक मिनिटं जास्त लागतात पण ती वीस मिनिटं तुमची असतात.

शरीराचं थोडक्यात. जानेवारीत वर्षभराची जिम मेंबरशिप भरू नका, पैसे जातात आणि अपराधी वाटत राहतं ते वेगळंच. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, ती बघून सगळ्यांना पळावंसं वाटतं, मलाही वाटलं. सीटवाला: आठवड्यातून तीनदा अर्धा तास, शिवाजी पार्क, जवळचं ग्राउंड, जे असेल ते. उभ्याचा: स्टेशनवरून घरी रिक्षा न करता चालत. झालं.

पैशाचं मात्र एक सांगते कारण आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचं इथेच घोडं अडतं. 'पैसे वाचवणे' असं मोघम लिहिलं की ते कधीच वाचत नाहीत, यूपीआयवर वीस-वीस करत कुठे जातात कळतच नाही. पोस्टात आरडी महिना १०० रुपयांपासून उघडता येतं. फक्त ते पाच वर्षांचं असतं, ६० हप्ते, तेव्हा गोव्याला जायला हा मार्ग नाही. गोव्यासाठी मी साधा डबा ठेवलाय, सोमवारी सकाळी ५० ची नोट टाकायची, नसेल तर १० ची. वडापाव बंद वगैरे करू नका, त्याने काही होत नाही, चिडचिड होते.

रविवार सुट्टीचा. रेल्वेसुद्धा रविवारी मेगाब्लॉक घेते, आपण कोण. त्या दिवशी गोल नाही, फक्त पंधरा-वीस मिनिटं वही घेऊन बसायचं आणि बघायचं की कुठला गोल सारखा उभ्यानेच होतोय. सलग तीन आठवडे एखादा उभ्यानेच झाला तर तुमच्यात काही खोट नाही, गोल चुकीच्या वारी ठेवलाय. माझा पेपर आधी सोमवारी होता, सोमवारी शेवटचं प्रॅक्टिकल पाचला सुटायचं, घरी येईपर्यंत जीव निघायचा. बुधवारी केला आणि जमायला लागलं. एवढाच फरक होता.

आणि स्टेटसला टाकू नका. टाकलं की पन्नास जण 'ऑल द बेस्ट' म्हणतात आणि केल्यासारखंच वाटतं. एकाच व्यक्तीला सांगा, अशी जी विचारेल. मी माझ्या ट्रेनच्या मैत्रिणीला सांगितलंय, ती घाटकोपरला चढते आणि बुधवारी चढताचढताच ओरडते, पेपर की एक गणित? अख्ख्या डब्यासमोर खोटं बोलता येत नाही.

फेब्रुवारीत सगळं कोलमडलं तर पाडवा आहे. मार्च-एप्रिलमध्ये आपलं स्वतःचं नवीन वर्ष येतं, परीक्षेच्या तोंडावर येतं ते सोडा, पण यादी परत लिहायला फुकटचा मुहूर्त मिळतो. मी मागच्या पाडव्याला अकराचे तीन केले होते. जर्मन तेव्हाच खोडलं. काकूंचं तोरण पण पाडव्यापर्यंत व्हायचं होतं, नाही झालं, आता म्हणतात दसऱ्याला लावू.