अंकाची जागा ओळखा: लाखापासून सहस्रांशापर्यंत

स्थानिक किंमत आपण चौथीपर्यंत शिकून घेतो, पण दशांश चिन्ह आलं की मोठी माणसंही अडखळतात. एका दुधाच्या स्लिपवर फॅट ६.४५ आहे, दुसऱ्या स्लिपवर ६.५. जास्त कुठलं? मुलं हमखास ६.४५ सांगतात, कारण त्यांना ४५ आणि ५ दिसतात.

आधी वहीवर उभे रकाने आखा. मधल्या रकान्यावर एकक लिहा. त्याच्या डावीकडे दशक, शतक, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष. त्यात २०११ च्या जनगणनेतली कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या भरा: ३८,७६,००१. उजवीकडून भरत या. ८ हा अंक लक्षच्या घरात येतो, म्हणून त्याची दर्शनी किंमत ८ असली तरी स्थानिक किंमत ८,००,००० आहे. शतक आणि दशकाच्या घरांत शून्यं आहेत. ती गाळलीत तर ३८,७६१ उरतील आणि अख्खा जिल्हा तालुक्याच्या गावाएवढा होईल. शून्य घर राखून ठेवतं, हे मुलाला इथेच दाखवा.

आता एककाच्या उजवीकडे वळा. डावीकडे एक घर सरकलं की किंमत दहापट होते, उजवीकडे सरकलं की दहावा भाग उरतो. हाच नियम पुढे नेला की दशांश, शतांश, सहस्रांश ही घरं मिळतात. एकक संपला एवढंच दशांश चिन्ह सांगतं. दशकाची जोडी दशांशाशी आणि शतकाची शतांशाशी जमते, आणि या जोड्यांच्या मधोमध एकक असतो, चिन्ह नव्हे. 'एकांश' का नाही, या मुलांच्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

तुलना करताना घरं सारखी करा: ६.५ म्हणजे ६.५०. दशांशाच्या घरात ५ विरुद्ध ४, तिथेच निकाल लागला. वाचतानाही 'सहा पॉइंट पंचेचाळीस' म्हणू नका. 'सहा पॉइंट चार पाच' म्हणा.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सोनं तोलताना काट्यावर ४.०५० दिसलं, तर ते चार ग्रॅम पन्नास मिलिग्रॅम. मधलं शून्य पुसलं की साडेचार ग्रॅम होतात, म्हणजे ४५० मिलिग्रॅम सोनं वाढलं! शेवटचं शून्य पुसलं तर मात्र वजन तेवढंच राहतं.

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या पाणीपातळीत मात्र फार जपून राहा, पावसाळ्यात ती घरोघरी बोलली जाते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पातळी फूट-इंचांत सांगतात आणि १२ इंचांचा फूट होतो, म्हणून इंच थेट दशांशाच्या घरात बसत नाहीत. ४२ फूट ९ इंच ४२.९ असे लिहिले आणि पाणी वाढून ४२ फूट ११ इंच झाल्यावर ४२.११ लिहिले, तर कागदावर पाणी उतरलेलं दिसेल. इंचांना १२ ने भागा: ९ इंच म्हणजे ०.७५ फूट, म्हणून ४२.७५. अकरा इंचांचे सुमारे ०.९२, म्हणून ४२.९२. आता धोका पातळीला किती उरलं ते वजाबाकी करून पाहा: ४३.०० वजा ४२.९२, म्हणजे ०.०८ फूट, जेमतेम एक इंच.