फिनलंड-स्वीडनच्या ऑटममध्ये जंगलात जाताय? आधी बसायचं कुठे ते ठरवा

ऑटमच्या रंगांचे फोटो सगळेच टाकतात आणि रंग खरंच तसे असतात, फिल्टर वगैरे काही नाही, पण फोटोत थंडी येत नाही, आणि ती चालताना लागतही नाही, लागते ती बसल्यावर. पहिल्या वर्षी आम्ही हेलसिंकीजवळच्या नूक्सिओ नॅशनल पार्कमध्ये तीन तास मस्त चाललो, घाम आला, मग तळ्याकाठी दगडावर बसलो आणि दहा मिनिटांत सगळ्यांचे दात वाजायला लागले. गार सँडविच कसेबसे गिळले आणि बसस्टॉपकडे पळालो. तेव्हापासून किती किलोमीटर चालायचं ते नंतर, आधी कुठे बसायचं आणि गरम गोड काय खायचं ते ठरवतो.

कधी जायचं? फिनिश लोक ह्या रंगांना रुस्का म्हणतात. लॅपलंडमध्ये, म्हणजे अगदी उत्तरेला, साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून, दक्षिणेत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. दक्षिणेत मुख्यतः बर्चची झाडं पिवळी होतात, लॅपलंडमध्ये मात्र झाडांपेक्षा जमीनच जास्त लाल, कारण बुटका बर्च आणि ब्लूबेरीची झुडपं गुडघ्याच्याही खाली पेटल्यासारखी दिसतात. उजेडाचा हिशोब मात्र आधी करा, ह्या दिवसांत हेलसिंकीत रोज ५ मिनिटांपेक्षा जास्त दिवस लहान होतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की साडेचारच्या सुमारास सूर्य गायब. म्हणून जॅकेटला रिफ्लेक्टर लावा आणि शिकारीचा सीझन असतो म्हणून वरून केशरी बिनबाह्यांचं जाकीटही घाला, दिसायला कसंही दिसो.

आता शेकोटी. फिनलंडमध्ये कुणाच्याही जंगलात फिरायला, बेरी-मशरूम तोडायला परवानगी लागत नाही, पण आग पेटवायला जमिनीच्या मालकाची लागते. म्हणून पार्कातल्या ठरवून दिलेल्या जागा शोधा, तिथे बहुतेक वेळा लाकडंही ठेवलेली असतात, शिवाय कुठे कुठे लाआवू असतो, म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि समोरून उघडा लाकडी आडोसा. वणव्याची वॉर्निंग लागली असेल तर उघड्यावर आग अजिबात नाही, निघायच्या आधी बघून घ्या. स्वीडनमध्ये बंदी नसेल तर जपून आग करता येते, पण उघड्या खडकावर नको, तापून तो तडकतो आणि तो डाग कायमचा. नॉर्वेत १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलाजवळ आगीला बंदी असते.

आणि शेकोटीवर करायचं काय, तर काठीवरचा ब्रेड. फिनलंडमध्ये तिक्कुपुल्ला, स्वीडनमध्ये पिनब्रोड, नावं वेगळी, चीज तीच. आदल्या रात्री पाव लिटर कोमट दुधात कोरड्या यीस्टचं ११ ग्रॅमचं पाकीट, ८५ ग्रॅम साखर, चमचाभर मीठ आणि दोन चमचे वेलची घालायची, वेलची जाडसरच कुटा, पूड केली की मजा गेली. मग साधारण ४५० ग्रॅम मैदा आणि शेवटी ७५ ग्रॅम मऊ बटर घालून छान मळा, डब्यात घालून फ्रीजमध्ये. डबा मोठा घ्या, फुगून झाकण उडतं, अनुभवाचे बोल. हीच कणीक लाटून, दालचिनी-साखर लावून, गुंडाळी कापून मधोमध बोटाने दाबली आणि २२५ डिग्रीला १०-१५ मिनिटं भाजली की कोर्वापूस्ती होतात, ज्याचा शब्दशः अर्थ कानफटात! स्वीडनमध्ये त्याचा भाऊ कानेल्बुल्ले, त्याचा तर ४ ऑक्टोबरला स्वतःचा दिवस असतो, १९९९ पासून. घरून करून नेलेत तर फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यांच्या कडेला ठेवा. कॉफीसोबतच्या ह्या प्रकाराला स्वीडनमध्ये फीका म्हणतात, नाव तेवढं फिकं.

प्यायला ब्लूबेरीचं सूप. स्वीडनमध्ये वासालोपेत नावाची ९० किलोमीटरची स्की रेस असते तिच्यात स्पर्धकांना हेच देतात, त्यावरून अंदाज घ्या. अर्धा लिटर पाण्यात दोन मोठ्या मुठी बेरी आणि चवीपुरती साखर पाच मिनिटं उकळा, दीड चमचा बटाट्याचं स्टार्च गार पाण्यात कालवून बारीक धारेने सोडा आणि पहिला बुडबुडा आला की लगेच उतरवा, उकळत ठेवलं तर चिकट तार धरतं. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ते ओतून मग सूप भरा, ह्या एका गोष्टीने खूप फरक पडतो.

बॅगेत अजून दोनच गोष्टी. बसायची फोमची चटई आणि एक कोरडा बनियान, थांबल्या थांबल्या घामाचा काढून तो घालायचा, लाज बाळगू नका, तिथे कुणी बघत नाही. घरी आल्यावर अंगावर टिक्स, म्हणजे गोचिड्या, चिकटल्यात का ते मात्र नीट तपासा.

भाजायची रीत एका आजोबांकडून शिकलो. ते लाआवूत येऊन आमच्या शेजारी गप्प बसले, आम्ही एक काठी पुढे केली. आम्ही सगळे ज्वाळेत धरून बसलेलो, बाहेरून कोळसा, आतून कच्चं. त्यांनी निखारे एका बाजूला ओढले, कणीक पेन्सिलीएवढी बारीक वळली, टोक झाकलं जाईल अशी काठीवर गुंडाळली आणि वीतभर वरून हळूहळू फिरवत राहिले, चांगली दहा-बारा मिनिटं, एक शब्द नाही. मग दोन बोटांनी नुसतं ओढलं तर आख्खा ब्रेड काठीवरून सुटून हातात. चिकटला तर अजून कच्चा आहे, असं समजायचं. आतल्या पोकळीत त्यांनी आमचाच लिंगनबेरीचा, म्हणजे तिथल्या आंबट लाल बेरीचा, जॅम भरला आणि एक मोठा घास घेऊन आमच्या काळ्या काठ्यांकडे बघितलं, तेव्हा पहिल्यांदा हसले.